चमचाभर डीएपीच्या आधी: कुंडीतली आणि शेतातली माती कशी तपासायची

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका निळ्या ड्रममध्ये कढीपत्ता आहे. दोन वर्षं त्याची नवी पानं पिवळी यायची. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा फिकट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आंबट ताक सुचवलं, ते घातलं. नर्सरीवाल्याने डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं दाणेदार खत) दिलं, महिन्याला एक चमचा. कोणी एप्सम सॉल्ट म्हणालं, कोणी हिराकस (फेरस सल्फेट). झाड आमच्या प्रयोगांना विटून तसंच उभं होतं. शेवटी त्या ड्रममधली अर्धा किलो माती तपासायला दिली. सामू (पीएच: सातच्या खाली आम्ल, वर अल्क) ८.१, स्फुरद (फॉस्फरस) मोजपट्टीच्या बाहेर, लोह कमी. ड्रम भरताना शेजारच्या बांधकामावरची फुकट माती आणली होती आणि तिच्यात प्लास्टरचा चुरा मिसळलेला होता. वर उन्हाळ्यात बोअरचं मचूळ पाणी. झाडाला खत कमी पडलं नव्हतंच. चुन्याने लोह अडवून धरलं होतं, आणि माझ्या डीएपीने त्यात भर घातली होती.

पिवळं पान बघून काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, काय बिघडलंय ते मातीला विचारावं लागतं. ते कसं विचारायचं, ते इथे सविस्तर लिहितोय. मुंबईत खिडकीत चार कुंड्या असणारे, सोसायटीची बाग सांभाळणारे आणि शनिवार-रविवारी कर्जत, मुरबाड, वाड्याकडे आपल्या दहा-वीस गुंठ्यांवर धावणारे अशा तिघांनाही उपयोग व्हावा अशा बेताने.

मुहूर्त

शेतातली माती तपासायला एप्रिल-मे उत्तम. भात किंवा रब्बीचा वाल, हरभरा निघालेला असतो, माती कोरडी असते आणि अहवाल हातात यायला पावसाआधी वेळ मिळतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नमुना घेऊन प्रयोगशाळेत धावणाऱ्यांचा अहवाल लावणी झाल्यावर येतो, मग तो फाइलला लागतो. शेतात खत टाकल्यावर निदान दोन-तीन महिने नमुना घेऊ नये. आकडे फुगलेले येतात.

कुंड्यांचं गणित वेगळं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या गच्चीवरच्या कुंडीतून तो नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन खालच्या भोकातून गटारात नेतो. म्हणून मे महिन्यातली कुंडी आणि ऑक्टोबरमधली कुंडी या दोन वेगळ्या कुंड्या समजाव्यात. एकदाच तपासायची असेल तर ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर, हिवाळी भाज्या लावण्याआधी तपासा. आधीचे दीड-दोन महिने वरून काही घालू नका, ताकसुद्धा नाही.

आधी घरातल्या घरात

प्रयोगशाळेआधी काही गोष्टी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कळतात. त्यांतल्या काही खऱ्या उपयोगाच्या आहेत, काही नुसती करमणूक.

पहिली बरणीची. काचेच्या उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी बसते ती रेती, दोन-तीन तासांत बसतो तो गाळ आणि दुसऱ्या दिवशी वर जी गुळगुळीत साय दिसते ती चिकणमाती. तरंगतो तो कचरा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वगैरे. रेती निम्म्याहून जास्त असेल तर खत एकदम न देता थोडं थोडं द्यायचं, कारण अशा मातीत ते टिकत नाही. चिकणमाती जास्त असेल तर आधी निचऱ्याकडे बघा. जमिनीत फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर पाणी उतरलं तरी ठीक. त्याहून कमी असेल तर झाडाची मुळं गुदमरत असतील आणि पानं त्यामुळेच पिवळी पडत असतील. तिथे कुठलंही खत चालणार नाही.

दुसरी व्हिनेगरची. ही मुंबईकरांनी कधीच टाळू नये. दोन चमचे कोरडी माती बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. चुरचुर आवाज येऊन फेस आला तर मातीत मोकळा चुना आहे. मुंबईत तो बहुतेक वेळा डेब्रिजमधून आलेला असतो: सिमेंट, प्लास्टर, जुन्या भिंतींचा चुना. सोसायटीच्या बागेत वरची चार इंच लाल माती आणि खाली बिल्डरने पुरलेली अख्खी जुनी चाळ, असा प्रकार मी दोनदा खणून पाहिलाय. म्हणून वरचीच माती नव्हे, फूटभर खालचीही बशीत घ्या. याच्या उलट खायचा सोडा टाकून माती आम्लधर्मी आहे का ते बघा म्हणतात, ते सोडून द्या. त्यातून भरवशाचं काही कळत नाही.

तिसरा सामू, म्हणजे पीएच. नर्सरीत मिळणारी दोन काट्यांची, बॅटरीशिवाय चालणारी यंत्रं मातीत खुपसली की काहीतरी आकडा दाखवतात. तीच सुई ओल्या फडक्यात खुपसून बघा, तिथेही दाखवतील. त्यापेक्षा पीएचच्या कागदी पट्ट्या बऱ्या. वाळलेली, चाळलेली माती २० ग्रॅम आणि पाणी ५० मिलिलिटर घ्या. पाणी नळाचं नको, पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं मिळतं तसं शुद्ध हवं. अर्धा तास अधूनमधून ढवळा, मग गाळ बसू द्या. वरच्या निवळीत पट्टी बुडवा. गढूळ पाण्यात बुडवलीत तर लाल मातीचा रंगच पट्टीवर चढतो आणि माणूस उगीच घाबरतो. साडेसहा ते साडेसात आलं तर बहुतेक झाडं खूश. पट्टीचा अंदाज अर्ध्या अंकाने चुकू शकतो, त्यामुळे ५.५ च्या खाली किंवा ७.५ च्या वर दिसलं तर प्रयोगशाळा गाठा.

चौथी क्षारांची. घरात आरओचं पाणी तपासायला टीडीएस मीटर असतोच. वरच्याच निवळीत तो बुडवा. प्रयोगशाळा क्षार ईसीमध्ये (विद्युतवाहकतेत) मोजते, आणि बहुतेक स्वस्त मीटर १ डेसिसीमेन प्रति मीटर ईसीला साधारण ५०० पीपीएम (दहा लाखांत किती भाग) दाखवतात. म्हणजे मातीच्या त्या निवळीत आकडा ५०० च्या पुढे गेला तर क्षार जास्त झालेत. याच मीटरने झाडांना घालायचं पाणीही मोजा. महापालिकेचं नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा असल्या तलावांतलं, पावसाचं साठवलेलं, म्हणजे हलकं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी खाडीकाठच्या उपनगरात कितीही मचूळ असू शकतं. कोकोपीटही नीट धुतलेलं नसेल तर खारट असतं. नव्या कोकोपीटची वीट भिजवून त्याचं पाणी मोजा, आकडा बघून दोन-तीनदा धुवायची इच्छा आपोआप होईल.

शेतातला नमुना

प्रयोगशाळा चिमूटभर माती तपासते. ती चिमूट तुमच्या अख्ख्या शेताच्या वतीने बोलते. नमुना चुकला तर लाखाचं यंत्रही चुकीचंच सांगणार, म्हणून इथे घाई नको.

आधी शेतात नुसतं फिरा. खाचर वेगळं, वरकस (उताराची हलकी जमीन) वेगळं, माळ वेगळा. रंग बदलला, उतार बदलला, दरवर्षीचं पीक वेगळं, की नमुना वेगळा. दहा गुंठ्यांच्या तुकड्यातही वरचा भाग मुरमाड आणि खालचा गाळाचा असेल तर दोन पिशव्या करा.

मग नागमोडी चालत जागा निवडा. एकराला आठ-दहा, दहा गुंठ्यांना पाच-सहा. काही जागा टाळायच्या: बांधाच्या कडेची, झाडाखालची, विहिरीजवळची, गुरं बांधायची, शेणखताचा ढीग जिथे होता ती, उकिरड्याची. आणि कोकणात एक जागा हमखास टाळायची, ती राबाची. रोपवाटिकेसाठी जिथे पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात, तिथे राख असते. राखेने सामू आणि पालाश दोन्ही वर जातात. बरेच जण घराजवळ म्हणून नेमका तिथलाच नमुना उचलतात आणि मग 'आमच्या शेतात पालाश भरपूर' असं समजून बसतात.

प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करा, माती खरवडू नका. फावड्याने इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, १५ ते २० सेंटिमीटर खोल, आपल्या भाषेत वीतभर. आतली माती फेकून द्या. मग एका बाजूने वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची सारखी कड कापा. तीच घ्यायची. नुसती वरची मूठभर माती नको आणि नुसती खालचीही नको. आंबा, चिकू, नारळ लावणार असाल तर ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर अशा तीन खोलींचे तीन वेगळे नमुने घ्या, कारण मुळं तिथवर जाणार आहेत आणि कातळ कुठे लागतो तेही त्याच वेळी कळतं. लावलेल्या झाडांच्या बाबतीत बुंध्याशी नको, फांद्यांचा घेर संपतो त्या कडेखाली खणा.

सगळी माती प्लास्टिकच्या टबात गोळा करा. टबच, घमेलं नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं किंवा गंजलेली बादली वापरलीत तर जस्त आणि लोहाचे आकडे बिघडतात. खताची रिकामी गोणी तर मुळीच नको. गावाकडे ती सगळ्यात हाताशी असते आणि हाच घात होतो: युरियाच्या गोणीत आणलेला नमुना नत्राच्या बाबतीत राजेशाही थाटाचा निघतो.

ढेकळं फोडा, खडे-मुळं काढा, नीट कालवा. स्वच्छ कागदावर गोल पसरून बोटाने अधिकची खूण करा. चार भाग होतील. समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले दोन पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. असं करत अर्धा किलो उरेपर्यंत जायचं. सावलीत वाळवा. मुंबईच्या दमट हवेत तीन-चार दिवस लागतील, पंखा लावायला हरकत नाही. ऊन किंवा गॅसची शेगडी नको. कापडी किंवा नवी प्लास्टिकची पिशवी घ्या आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, खोली, आधीचं पीक, पुढचं पीक, शेवटचं खत कधी आणि कोणतं. पेनाची शाई ओलाव्याने पसरते. पुढचं पीक लिहायला विसरू नका. शिफारस त्यावरून करतात.

कुंड्यांचा नमुना

सगळ्या कुंड्यांतली माती एकत्र करू नका. एकाच दिवशी, एकाच मिश्रणाने भरलेल्या पाच-सहा कुंड्यांचा एक नमुना धरा. आजारी झाड असेल तर त्याची पिशवी वेगळी आणि त्याच जातीच्या बऱ्या झाडाची वेगळी. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की फरक बोलतो.

वरचा इंचभर थर बाजूला सारा, तिथे खताचे दाणे आणि सुकलेले क्षार असतात. बुंधा आणि काठ यांच्या बरोबर मध्ये, जुन्या प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा फिरवत खाली दाबा आणि आलेली सुरळी घ्या. एका कुंडीतून शंभर ग्रॅम पुरे. भोक लगेच नव्या मातीने बुजवा.

कोकोपीटचं प्रमाण निम्म्याहून जास्त असेल तर देतानाच सांगा की ही शेतमाती नाही. हलक्या मिश्रणाला शेतमातीचे निकष लागत नाहीत. त्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) भरमसाट दिसतो, पण त्यातला बराचसा नुसता न कुजलेला काथ्याच असतो. अशा मिश्रणाचा सामू आणि ईसी एवढंच तपासलंत तरी निम्मे प्रश्न सुटतात.

कुठे द्यायचं, काय मागायचं

ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांनी आधी गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचं नाव कृषी सहाय्यक) भेटा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना केंद्राने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढला सुरू केली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. जुनी पत्रिका घरात असेल तर एक खबरदारी घ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत जिरायत भागात दहा हेक्टरांच्या आणि बागायतात अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेत. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचं, पण माती शेजाऱ्याचीही असू शकते. नमुना स्वतः घेतलेला असला तरच आकड्यांवर विसंबा.

दुसरे पर्याय म्हणजे कृषी विज्ञान केंद्रं, पालघरकडे कोसबाड आणि रायगडात रोहा, शिवाय दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. सोसायटीवाल्यांना आणि गच्चीवाल्यांना बहुधा खासगी प्रयोगशाळेतच जावं लागतं. तिथे गेल्यावर 'माती तपासायची आहे' एवढंच म्हणू नका. 'सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, एनपीके (म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश), मुक्त चुना आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं (जस्त, लोह वगैरे)' असं सांगा. शिवाय स्फुरद कोणत्या पद्धतीने काढणार ते विचारा. आम्लधर्मी मातीला ब्रे, बाकीच्यांना ऑल्सेन. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पद्धत चुकली तर आकडाही चुकतो. हे विचारल्यावर समोरचा माणूस जरा सरसावून बसतो, हा वेगळा फायदा.

नेहमीच्या चाचणीत जड धातू येत नाहीत. जमीन जुन्या गिरणीची, कारखान्याची, भंगारवाल्याच्या वखारीची असेल, रेल्वेमार्गालगत असेल किंवा जुन्या तेलरंगाचे पोपडे तिथे पडत आले असतील, तर शिसं आणि कॅडमियम वेगळं तपासायला सांगा. पैसे जास्त पडतात. पण पालक, माठ, लाल माठ लावायचा बेत असेल तर इथे काटकसर नको, पालेभाज्या धातू पानांत साठवतात. अहवाल खराब आला तर त्या जमिनीत फुलझाडं लावा आणि भाजी बाहेरून आणलेल्या मातीच्या टबात.

अहवाल आला, आता?

नजर आधी एनपीकेवर जाते. तिथे जाऊ देऊ नका. आधी सामू, मग ईसी, मग सेंद्रिय कर्ब. सामू बिघडलेला असेल तर बाकीचं मातीत असूनही झाडाला मिळत नाही, माझ्या कढीपत्त्यासारखं. ईसी १ च्या वर असेल तर खत हा उपाय नाही, भर आहे.

नंतर मुख्य अन्नद्रव्यं. देशभर वापरात असलेल्या तीन पायऱ्यांच्या वर्गवारीत मध्यम म्हणजे सेंद्रिय कर्ब ०.५ ते ०.७५ टक्के, नत्र हेक्टरी २८० ते ५६० किलो, स्फुरद १० ते २५ आणि पालाश साधारण ११० ते २८०. महाराष्ट्रात 'अत्यंत कमी' ते 'अत्यंत जास्त' अशी सहा पायऱ्यांची वर्गवारीही वापरतात, म्हणून अहवालावर छापलेला शेरा आणि त्याची मोजपट्टी दोन्ही बघा. सूक्ष्म अन्नद्रव्यांना किमान रेषा असते: जस्त ०.६, लोह ४.५, मंगल २, तांबं ०.२, बोरॉन ०.५ पीपीएम. गंधकाची १० पीपीएम. याच्या खाली गेलं तर कमतरता.

आता ती गोष्ट, जी गच्चीवाल्यांना कोणी सांगत नाही. 'हेक्टरी किलो' हा आकडा कुंडीसाठी निरर्थक वाटतो, पण त्याला २.२४ ने भागलं की पीपीएम मिळतो, म्हणजे एक किलो मातीत किती मिलिग्रॅम. हेक्टरच्या वरच्या वीतभर थरात साधारण २२ लाख ४० हजार किलो माती असते असं धरून हे गणित केलंय. बारा इंची कुंडीत १२ किलो माती धरा. समजा नत्र १४० किलोने कमी आहे. १४० भागिले २.२४ म्हणजे ६२.५ पीपीएम. बारा किलोला ७५० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा युरिया लागतो १.६ ग्रॅम. अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही! तोही एकदम नाही, दोन-तीन वेळा पाण्यातून. गांडूळखत वापरत असाल तर त्यात दीडेक टक्का नत्र धरा. ते हळूहळू सुटतं, म्हणून दोन-तीन मुठी घाला आणि महिनाभर वाट बघा.

आता माझ्या पापाचा हिशेब. एक चमचा डीएपी म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्यात ४६ टक्के स्फुरद असतं, पण ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं. मूळ फॉस्फरस भरतो साधारण १ ग्रॅम. बारा किलो मातीत तो कालवला की ८३ पीपीएम, म्हणजे हेक्टरी १८७ किलो. आणि 'जास्त' ची रेषा २५ वर आहे. त्यातलं सगळं उपलब्ध राहत नाही, बरंच मातीला चिकटून बसतं हे खरं. पण मी हा चमचा दर महिन्याला घालत होतो. जास्तीच्या स्फुरदाने जस्त आणि लोह झाडाला मिळेनासं होतं, पान पिवळं पडतं, मग मी अजून एक चमचा. काकूंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मग माझं ताकच बरं होतं की!" त्या प्रसंगापुरतं तरी बरोबर होतं त्यांचं.

या ऑक्साइडच्या भानगडीत शेतातही चूक होते. अहवालातला स्फुरद मूळ रूपात आहे की ऑक्साइडच्या, ते प्रयोगशाळेला विचारा. दोन्हींत २.२९ पटींचा फरक पडतो.

शेताचा हिशेब, भाताचा

कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश ही नेहमीची शिफारस. तुमचा तुकडा दहा गुंठ्यांचा, म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. तेव्हा १०, ५ आणि ५ किलो. समजा अहवालात नत्र मध्यम, स्फुरद कमी, पालाश जास्त. सोपा नियम: कमी असेल तर पाव हिस्सा वाढवा, जास्त असेल तर पाव हिस्सा कापा. नत्र १० च राहील, स्फुरद सव्वासहा, पालाश पावणेचार.

खतात बदलायला टक्केवारीने भागा. युरिया ४६ टक्क्यांचा, १० किलो नत्राला पावणेबावीस किलो. सिंगल सुपर फॉस्फेट १६ टक्क्यांचं, सव्वासहाला ३९ किलो. म्युरेट ऑफ पोटॅश ६० टक्क्यांचं, पावणेचारला सव्वासहा किलो. सुपर आणि पोटॅश चिखलणीला, युरिया तीन हप्त्यांत: लावणीला, फुटव्यांच्या वेळी आणि लोंबी पोटात धरायच्या सुमाराला. धो-धो पाऊस चालू असताना युरिया फेकू नका, तो तुमच्या खाचरातून खालच्या माणसाच्या खाचरात जातो. सुफला १५:१५:१५ सारखं मिश्र खत सोयीचं असतं. पण अहवालात पालाश जास्त आला असेल तर ते तिन्ही सारखंच घालतं आणि चाचणीचे पैसे वाया जातात.

नारळ-भाजी-फुलं यांची शिफारस वेगळी असते, आकडे बदला, रीत तीच.

सामू दुरुस्त करताना

आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) लागतो. शेताला किती, ते प्रयोगशाळेकडून 'चुन्याची गरज' म्हणून काढून घ्या. सामू सारखाच असला तरी चिकणमातीला जास्त लागतो आणि रेताड मातीला कमी. बारा इंची कुंडीला डोलोमाइटचा एक चमचा घाला, दोन महिन्यांनी पुन्हा पट्टी बुडवा. चुना आणि युरिया किंवा ताजं शेणखत एकाच वेळी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. जिप्सम हा चुन्याला पर्याय नाही, त्याने सामू चढत नाही. ते सोडियम साचलेल्या, चोपण जमिनीसाठी. वसई, उरणकडच्या खारजमिनीत आधी गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, निचरा करायचा, मग बाकीचं.

सामू वर गेलेला असेल तर काम कठीण. गंधकाची भुकटी महिने घेते, आणि चुना मोकळा असेल तर तो ती गिळून टाकतो. डेब्रिजची माती सुधारत बसू नये, बदलावी. तोवर लोहासाठी हिराकस घालूनही फरक पडत नाही, चुनखडीच्या मातीत त्यातलं लोह काही दिवसांतच न विरघळणारं होतं. चिलेटच्या रूपातलं, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं, लोह मिळतं, पण ते घेताना पाकिटावर ईडीडीएचए आहे का बघा. ईडीटीएचं चिलेट सामू सातच्या वर गेला की कुचकामी होतं.

आमच्या ड्रमचं तेच केलं. मार्चमध्ये कढीपत्ता मुळांसकट काढला, माती गोणीत भरून डेब्रिजवाल्याला दिली, नवी लाल माती आणली आणि भरण्याआधी तिच्यावर बशीत व्हिनेगर ओतून बघितलं. फेस आला नाही. पाणी पिंपात साठवलेलं नळाचं. डीएपीचा डबा मी गावी धाडला, तिथे स्फुरद कमी आलाय. जूनमध्ये आलेली पानं हिरवी आहेत. पुढचा नमुना ऑक्टोबरमध्ये काढणार आहे, पाइपचा तुकडा आत्ताच ड्रमला बांधून ठेवलाय.